गेमचे रिव्ह्यू: वाचावेत का, कुणाचे वाचावेत आणि कधी फेकून द्यावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीपाळखीचे लोक, त्यांची मुलं आणि एकदोनदा त्या मुलांचे आईवडीलही मला हेच प्रश्न विचारत आले आहेत. दर वेळी नव्याने उत्तर देण्याचा कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. काही प्रश्नांत दम आहे, तिथे जरा रेंगाळलो आहे.

यूट्यूबवर अख्खा गेम फुकट बघता येतो. मग रिव्ह्यू वाचायचा कशाला?

टीव्हीसमोर बसून बघताना प्रत्येकच बॉल खेळण्याजोगा वाटतो. गेमचंही तसंच असतं. हात कुठे अडखळतो, तेच तेच काम कितव्या तासाला नकोसं होतं, निम्म्यात गोष्टीचा दम उखडतो का, हे सांगायला तेवढा वेळ स्वतः घातलेला माणूस लागतो. ट्रेलर तर विकणाऱ्यानेच बनवलेला असतो, त्याला काय विचारायचं!

'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० पासून जवळजवळ तीन वर्षं अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये होता. म्हणजे पुरा बनण्याआधीच विक्रीला ठेवला होता. तेवढ्या काळात लोकांनी त्याचा पहिला अंक पाठ केला. ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण गेम आला तेव्हा तिसऱ्या अंकात बग जास्त आहेत आणि तिथे गेम रखडतो, हे शेवटापर्यंत गेलेल्यांनीच सांगितलं. पहिला अंक पन्नास वेळा बघूनही ते कळलं नसतं.

शिवाय पैसे आहेतच. प्लेस्टेशन ५ चा मोठा गेम आपल्याकडे पाच हजारांच्या घरात जातो, वर शंभरेक जीबीचं डाउनलोड. त्यापुढे दहा मिनिटांचं वाचन स्वस्तच पडतं.

७० गुण म्हणजे फर्स्ट क्लास. मग लोक ७० ला नाकं का मुरडतात?

कारण गेमच्या दुनियेत मार्कलिस्ट वेगळी आहे. मेटाक्रिटिक ही वेबसाइट २००१ पासून ठिकठिकाणचे रिव्ह्यू गोळा करून सरासरी काढतं. कुणाच्या मताला किती वजन द्यायचं ते त्यांचं ते ठरवतात आणि सांगत नाहीत. तिथे गेमचा आकडा ७५ पासून हिरवा होतो, म्हणजे नेमका डिस्टिंक्शनपासून. ५० ते ७४ पिवळा. गंमत अशी की सिनेमाला तिथेच ६१ ला हिरवा रंग मिळतो.

असं का? एक तर अगदी भिकार गेमचे रिव्ह्यू कुणी लिहीतच नाही, त्यामुळे खालचे आकडे रिकामेच राहतात. दुसरं म्हणजे गेम ही कलाकृती असली तरी आधी ते चालणारं यंत्र आहे. यंत्र धड चाललं, की परीक्षकाचा हात आपोआप साठ-सत्तरपर्यंत जातो. कलेचे मार्क त्याच्या वरच्या तीसांत मावतात.

या आकड्यावर माणसांचे पैसे अडकतात, हे वाईट. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' २०१० मध्ये आला. मेटाक्रिटिकवर ८५ झाले तर तो बनवणाऱ्या ऑब्सिडियनला बोनस मिळणार होता. झाले ८४. हे तिथल्याच ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये उघडपणे सांगितलं. एका मार्काने हुकण्याचं दुःख आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आज त्या मालिकेतला सर्वांत लाडका गेम कोणता असं विचारलं, तर कितीतरी लोक हाच सांगतील.

युरोगेमर या रिव्ह्यूच्या वेबसाइटने २०१५ मध्ये वैतागून गुण देणंच थांबवलं होतं. २०२३ मध्ये पाचपैकी तारे म्हणून ते पुन्हा आले. गुण नकोत असं मीही म्हणतो, आणि रिव्ह्यू उघडला की आधी खाली जाऊन आकडा बघतो.

'सायबरपंक २०७७' ला ८६ होते. माझ्या पीएस४ वर (प्लेस्टेशन ४) तो धड चालेना. खोटं कोण बोललं?

८६ हा आकडा पीसीचा होता. १० डिसेंबर २०२० ला गेम बाजारात आला, त्याआधी परीक्षकांना फक्त पीसीची प्रत दिली होती, प्लेस्टेशनसारख्या कन्सोलची नाही. स्वतः खेळताना टिपलेली दृश्यं दाखवायलाही मनाई होती, कंपनीने दिलेलीच वापरायची. काही परीक्षकांनी ही अट रिव्ह्यूत लिहिलीही होती, पण आकडा बघून वेडावलेल्या आपल्याला ते वाक्य वाचायला सवड कुठे होती! आठवडा उलटताच, १८ डिसेंबरला, सोनीने तो गेम आपल्या स्टोअरवरून काढून टाकला. परत आला जून २०२१ मध्ये. पीएस४ ची सरासरी पुढे साठच्याही खाली राहिली.

नंतर सप्टेंबर २०२३ मध्ये २.० अपडेट आलं आणि गेमचा चेहरामोहराच बदलला. म्हणजे एकाच नावाचे निदान तीन गेम झाले: पहिल्या दिवशीचा पीसीवरचा, पहिल्या दिवशीचा पीएस४ वरचा आणि २.० नंतरचा. कोणत्या मशीनवर आणि कोणत्या तारखेला लिहिलंय, हे रिव्ह्यूत सर्वांत आधी बघा. दोन्हींपैकी एकही नसेल तर तो रिव्ह्यू वाचू नका.

रिव्ह्यूवाले पैसे खातात का?

पाकीट घेऊन गुण वाढवणारे असतीलही, पण दबाव सहसा इतका उघडा येत नाही. नोव्हेंबर २००७ चं प्रकरण प्रसिद्ध आहे. गेमस्पॉट या वेबसाइटच्या जेफ गर्स्टमन यांनी 'केन अँड लिंच: डेड मेन' ला १० पैकी ६ दिले, आणि तेव्हा त्याच गेमच्या जाहिरातींनी गेमस्पॉटची पानं भरलेली होती. गर्स्टमन यांची नोकरी गेली. त्यामागे जाहिरातदारांचा दबाव होता, हे २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं.

रोजचं दडपण याहून साधं असतं. कंपनीकडून प्रत लवकर मिळाली तर रिव्ह्यू पहिल्या दिवशी लागतो. पुढची प्रत मिळाली नाही तर आठवडाभर उशीर होतो, तोपर्यंत वाचणारे दुसरीकडे गेलेले असतात. यूट्यूबवर तर व्हिडिओच्या कोपऱ्यात 'पेड प्रमोशन' लिहिलेलं असतं. ते दिसलं की ती जाहिरात समजा. जाहिरातही बघावी, पण जाहिरात म्हणून.

सगळे ज्याला डोक्यावर घेतात तो गेम मला बोअर होतो, आणि झोडपलेला आवडतो. माझंच काही चुकतंय का?

नाही. या प्रश्नासाठीच मी खरं तर हे सगळं लिहायला बसलो.

१९९४ मध्ये ब्रिटनच्या 'एज' मासिकाने 'डूम' ला १० पैकी ७ दिले. 'डूम' म्हणजे धडाधड राक्षस मारत सुटायचं, बाकी काही नाही. परीक्षकाने मात्र हळहळ व्यक्त केली, की या प्राण्यांशी बोलता आलं असतं, त्यांच्याशी दोस्ती करता आली असती, तर किती बरं झालं असतं. पुढची कितीतरी वर्षं गेमवाले या वाक्याची टर उडवत राहिले. २०१५ मध्ये 'अंडरटेल' आला. त्यात राक्षसांशी बोलता येतं, त्यांना चुचकारता येतं, एकालाही न मारता अख्खा गेम संपवता येतो. लोक त्याच्या प्रेमात पडले. त्या परीक्षकाने 'डूम' ला कमी लेखलं असेल, पण त्याला काय हवं होतं ते स्वच्छ लिहून ठेवलं. तसा गेम बनायला एकवीस वर्षं लागली, इतकंच.

दुसरं उदाहरण 'गॉड हँड' चं. कॅपकॉमच्या क्लोव्हर स्टुडिओने तो २००६ मध्ये काढला आणि आयजीएन या वेबसाइटने त्याला १० पैकी ३ दिले. कॅमेरा पाठीला चिकटलेला, आणि गेम असा कठीण की जरा चुकलात की मेलात. क्लोव्हर स्टुडिओही पुढे लगेच बंद झाला. मग २०११ मध्ये 'डार्क सोल्स' आला, आणि वारंवार मरणं हीच त्याची जाहिरात झाली. पुढच्या वर्षी पीसीवर तो चक्क 'प्रिपेअर टू डाय', म्हणजे 'मरायला तयार व्हा', या नावाने विकला गेला. त्याच घराण्यातल्या 'एल्डन रिंग' ला २०२२ मध्ये मेटाक्रिटिकवर ९६ पडले. जो कठीणपणा २००६ मध्ये दोष होता तो सोळा वर्षांत गुण झाला. 'गॉड हँड' चेही आता कट्टर भक्त आहेत. मी त्यांच्यातलाच, त्यामुळे माझं मत तोलून घ्या.

या दोन गोष्टींवरून माझी एक सवय पक्की झाली: मी रिव्ह्यूतली तक्रार आधी वाचतो. 'मस्त आहे, धमाल आहे' यातून काही कळत नाही. 'फार हळू चालतो, तासभर नुसतं बोलणंच' यातून मात्र नेमकं कळतं. मला बोलणं आवडत असेल, तर दुसऱ्याची तक्रार माझ्यासाठी शिफारस होते. गुण त्या त्या काळच्या आवडीवर ठरतात आणि आवड बदलली की शिळे होतात. नीट लिहिलेली तक्रार वीस वर्षांनीही कामाला येते, फक्त तिचं चिन्ह उलटं करून घ्यायचं.

म्हणूनच ज्याच्याशी तुमचं कधीच पटत नाही असा एक परीक्षक धरून ठेवा. त्याचं नाक मुरडणं ही तुमच्यासाठी हमखास शिफारस असते. जपानच्या 'फामित्सू' मासिकात चार जण प्रत्येकी दहापैकी गुण देतात. ४० पैकी ४० पहिल्यांदा १९९८ मध्ये झेल्डा मालिकेतल्या 'ऑकारिना ऑफ टाइम' ला मिळाले. तो गेम थोरच आहे. पण चौघांत एखाद्याने ९ आणि दुसऱ्याने ५ दिलेले दिसले की मी जास्त सरसावून बसतो. तिथे काहीतरी भांडण्याजोगं असतं.

पूर्वी शंभर तासांचा गेम म्हटलं की जीव हरखायचा, आता पोटात गोळा येतो. मी म्हातारा झालो की गेम बिघडले?

थोडं थोडं दोन्ही. कॉलेजात असताना अख्ख्या मे महिन्यात एकच गेम परवडायचा, त्यामुळे रुपयाला किती तास पडतात हाच हिशेब असायचा. आता नोकरी, भांडी, मुलाचा अभ्यास उरकून रात्री पाऊण तास मिळतो. त्यात निम्मा वेळ मागच्या वेळी आपण कुठे होतो हे आठवण्यात जातो.

इथे परीक्षकाचं आयुष्य आणि तुमचं आयुष्य जुळत नाही, हे ध्यानात ठेवा. साठ तासांचा गेम तो पाच-सहा दिवसांत उरकतो. सलग खेळणाऱ्याला जो गेम तोचतोचपणाचा वाटतो, तोच रोज पाऊण तास खेळणाऱ्याला चालून जातो. उलटही होतं. गुंतागुंतीची गोष्ट सलग खेळताना लक्षात राहते, आणि तुमच्या हातात आठवड्याने तिचा पार चुथडा झालेला असतो.

बदललेली आवड मी एकटाच घेऊन फिरत नाहीये. २०२३ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत सर्वोत्तम गेमच्या स्पर्धेत 'एल्डन रिंग' आणि 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' सारखे धिप्पाड गेम होते. बक्षीस गेलं 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' ला: साधी चित्रं, एक डाव जेमतेम तीस मिनिटांचा. २०२४ मध्ये 'बालाट्रो' आला, एकट्या माणसाने पत्त्यांवर बनवलेला. त्याने माझ्या किती रात्री खाल्ल्या हे घरी सांगण्यासारखं नाही.

मात्र 'आता लोकांना छोटेच गेम हवेत' असा निष्कर्ष काढू नका. आळीपाळीने चाल करायचे गेम संपले, तरुणांना ते नकोत, असं वर्षानुवर्षं म्हटलं जायचं. 'बाल्डर्स गेट ३' ने २०२३ मध्ये आणि फ्रान्सच्या छोट्या चमूच्या 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३' ने २०२५ मध्ये ते खोटं पाडलं. दोन्ही लांबलचक आहेत, आणि दोन्हींना त्या त्या वर्षी गेम अवॉर्ड्सचा सर्वोच्च मान मिळाला.

स्टीमवर 'मिक्स्ड' दिसलं की सोडून द्यायचं?

स्टीम हे कॉम्प्युटरवरच्या गेमचं ऑनलाइन दुकान. त्यावर नोव्हेंबर २०१३ पासून ग्राहक रिव्ह्यू लिहितात. तिथे गुण नसतात, अंगठा वर किंवा खाली. वरचे अंगठे ४० ते ६९ टक्के असले की 'मिक्स्ड' लागतं. म्हणजे शंभरातल्या ६५ जणांना आवडलेल्या गेमवरही तोच शिक्का. सोडू नका, आत जाऊन बघा.

प्रत्येक रिव्ह्यूच्या डोक्यावर त्या माणसाने किती तास खेळलं ते छापलेलं असतं. व्यावसायिक परीक्षकांकडे नसलेली ही सोय आहे. वीस मिनिटांत अंगठा खाली करणाऱ्याचा कॉम्प्युटर बहुधा जुना असतो. बाराशे तास खेळून 'घेऊ नका' लिहिणाराही तिथे भेटतो. रोज त्याच खानावळीत जेवून रोज आमटीला नावं ठेवणाऱ्यासारखा. हसू नका, आमटीत आज काय बिघडलंय ते त्यालाच माहीत असतं. शेवटच्या ३० दिवसांतलं मत वेगळं दिसतं, ते एकूण मताशी ताडून बघा. एकूण चांगलं आणि अलीकडचं वाईट असेल, तर एखादं अपडेट अंगाशी आलेलं असतं.

आणि शेवटी तुमचा स्वतःचा रिव्ह्यू आहेच: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात.

लोक ठरवून वाईट रिव्ह्यू टाकतात, ते कसे ओळखायचे?

तारखेवरून. एका दिवसात हजारोंचा ढीग पडला तर गेमबाहेरचं काहीतरी पेटलेलं असतं. जून २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' ला समीक्षकांचे ९३ होते, आणि ग्राहकांचे शून्य गुण पहिल्या काही तासांतच धो धो पडू लागले. गेम वीस-पंचवीस तासांचा! मग मेटाक्रिटिकने गेम आल्यावर पहिले ३६ तास ग्राहकांचे रिव्ह्यू बंद ठेवायचा नियम केला.

पण प्रत्येक झोडपणं बिनकामाचं नसतं. मे २०२४ मध्ये 'हेलडायव्हर्स २' च्या पीसी खेळाडूंवर प्लेस्टेशनचं खातं जोडायची सक्ती आली. अनेक देशांत ते खातं उघडताच येत नाही. दोनतीन दिवसांत दोन लाखांवर अंगठे खाली गेले आणि सोनीने माघार घेतली. त्या दिवशी गेम घेणाऱ्याला बंदुका कशा आहेत यापेक्षा ही माहिती जास्त गरजेची होती.

जुने रिव्ह्यू अजून उपयोगाचे असतात का?

एकदा बनून संपलेल्या गेमचे असतात. सतत अपडेट होणाऱ्याचे नसतात. 'नो मॅन्स स्काय' ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा कबूल केलेल्या कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्या, आणि लोकांनी त्याला धुऊन काढला. तो बनवणाऱ्या हॅलो गेम्सची माणसं गप्प बसून फुकट अपडेट देत राहिली. २०१८ मध्ये एकत्र खेळायची खरी सोय आली, आणि २०२४ च्या शेवटी स्टीमवरचं एकूण मतही 'व्हेरी पॉझिटिव्ह' झालं. आठ वर्षं लागली. २०१६ चा रिव्ह्यू आता इतिहास म्हणून वाचावा.

कधी गेम तसाच राहतो आणि जग बदलतं. 'अमंग अस' २०१८ चा. त्यात आपल्यातला छुपा गद्दार कोण ते ओळखायचं. दोन वर्षं त्याला कुणी फारसं विचारलं नाही. २०२० मध्ये सगळे घरात अडकल्यावर माझ्या आत्याच्या घरीसुद्धा एकमेकांवर 'तूच आहेस' असे आरोप सुरू झाले. हे कोणत्याही परीक्षकाला २०१८ मध्ये सांगता आलं नसतं.

मोबाइलवरच्या गेमच्या स्टारचं काय?

फार भरवसा ठेवू नका. 'आम्हाला रेट करा' ची खिडकी तुम्ही लेव्हल जिंकल्यावर उघडते, हरल्यावर नाही. प्ले स्टोअरवर दिसणारे स्टार आता आपापल्या देशातल्या लोकांचे असतात, तेवढं एक बरं आहे. एक आणि दोन स्टारवाले वाचा: जाहिराती किती, फोन तापतो का, पैसे कोणत्या लेव्हलपासून मागतो. बाकी गेमबद्दल मित्रांना विचारा.

आपल्या माणसांनी बनवलेल्या गेमला रिव्ह्यूत थोडं सांभाळून घ्यावं का?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून वर्गणी जमवायच्या वेबसाइटवर, पैसे जमले नव्हते, तरी त्यांनी तो तडीस नेला. पहाडी चित्रशैली, भावाला शोधणारी मुलगी, गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू. परदेशी परीक्षकांनी रूपाचं तोंडभरून कौतुक केलं, आणि मारामारी अडखळते, गेम लहान आहे, शेवट अर्ध्यात तुटतो, हेही सांगितलं. गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकनही मिळालं.

आपल्याकडे तेव्हा दोनच सूर होते: 'आपला आहे, दहापैकी दहा' किंवा 'आपल्याला कुठे जमतंय'. बनवणाऱ्याला दोन्हींचा काडीचा उपयोग नाही. 'शिडीवरून उडी मारताना वार चुकतो' असं कुणी सांगितलं, तर तो पुढच्या वेळी शिडीकडे बघेल.

मुलगा म्हणतो, 'जीटीए ५' ला ९७ गुण आहेत. घेऊन देऊ का?

मुलगा खरं बोलतोय. त्याला खरोखरच ९७ आहेत. डबीवर १८ चा आकडाही आहे, तो तुम्हाला दाखवताना त्याचा अंगठा नेमका तिथे असेल. गुण गेम किती चांगला ते सांगतात, वयाचं रेटिंग तो कुणासाठी ते सांगतं. दोन्ही बघा, आणि पहिला तास त्याच्या शेजारी बसा.

तुमचा अंदाज कधी साफ चुकलाय का?

माझा मावसभाऊ रात्रपाळी करतो. त्याला काहीतरी गेम हवा होता. बोलता बोलता मी 'युरो ट्रक सिम्युलेटर २' ची टिंगल केली. म्हटलं, हा नको घेऊस, तासभर नुसता ट्रक चालवायचा, पाऊस पडतो, वायपर फिरतात, काहीही घडत नाही. त्याने दुसऱ्या दिवशी तोच घेतला. म्हणाला, रात्रभर कामावर इतकं काय काय घडतं, मला न घडणारंच हवं होतं. दिवाळीत भेटला तेव्हा तो पोर्तुगालला पोचला होता, आणि भाऊबीजेचा फराळ मागे ठेवून मला लिस्बनचा रस्ता दाखवत बसला.